दाखला अडतो कोठे?

दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या गावी असे घडू शकते: ग्रामपंचायतीचा संगणक जोडलेला दिसतो, तपासणीचा लहान संदेश जाऊन येतो, दाखल्याचे पान मात्र उघडत नाही. दोष केबलला दिला जातो. तो पुष्कळदा अन्याय असतो.

दोन राउटरांमधील टनेल म्हणजे पाकिटात घातलेले पाकीट. १९९४ साली जाहीर झालेल्या जीआरई पद्धतीने नॉव्हेलच्या आयपीएक्स या जुन्या पद्धतीचे संदेशदेखील आयपीच्या पाकिटातून नेता येत. परंतु बाहेरचे पाकीट २४ बाइट जागा घेते. १५०० बाइटांच्या मार्गावर १४७६ उरतात. ‘तोडू नये’ असा शिक्का असलेला मोठा संदेश तेथे अडतो, आणि अडल्याची सूचना वाटेतील फायरवॉलने गिळली की पाठविणारा अंधारात राहतो.

यास्तव १४७६ व १४७७ बाइटांचे संदेश त्याच शिक्क्यासह पाठवून पाहावेत. पहिला पोचला, दुसरा अडला, तर रस्ता खणण्याचे कारण नाही. राउटरवर टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा १४३६ ठेवावी.