वाई ते धोम, सायकलवरून

चार-सहा जणांनी मिळून सायकली काढायच्या असतील, तर वाई गाठा. तिथून तीनेक किलोमीटरवर, कृष्णाकाठी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा पाहाच. पण खरी गंमत मागच्या घाटावर. तिथल्या देवळीत टांगली आहे चक्क पोर्तुगीज चर्चची घंटा! तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी नीट पाहिलं की दिसते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. पुढे धोमला नरसिंहाचं देऊळ आणि कुंडात दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. ऊसतोडीच्या हंगामात मात्र ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. तेव्हा गप्पा थांब्यावर मारा, रस्त्यावर एकामागोमाग एक चला.