मायेच्या नावाखालचा धाक

सुरतेपासून फार दूर नसलेल्या राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल हे समलिंगी असल्याचे २००६ साली जगजाहीर झाले, तेव्हा घरच्यांनी वर्तमानपत्रांत नोटीस देऊन त्यांच्याशी नाते तोडले. घराणे मोठे म्हणून ही वार्ता सर्वतोमुखी झाली. परंतु खानदेशातून कापडाच्या धंद्यासाठी सुरतेत येऊन लिंबायत-उधन्यात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घरात असे घडले, तर त्याची नोटीस कोठेही छापली जात नाही. भिंतीपलीकडे ऐकू गेले तरी त्याला छळ असे नाव कोणी देत नाही.

घरच्यांचा छळ ओळखणे कठीण, कारण तो मायेचे वस्त्र पांघरून येतो. मुलीचा मोबाइल काढून घेणे, तिची नोकरी सोडविणे, तिला खोलीत कोंडणे, घाईघाईने स्थळ पाहणे, भगताकडे वा ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टराकडे नेणे, हे सारे ‘तिच्याच भल्यासाठी’ चालते. वस्तुतः समलिंगी असणे हा रोगच नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली अशा ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे. २०२३ साली अशा ३१ व्यक्तींनी आपल्या जन्मघरी सोसलेल्या जाचाच्या जबान्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे हिंदी नाव ‘अपनों का बहुत लगता है’ असे आहे. त्या नावातच सारी व्यथा आली.

दुसरा छळ जोडीदाराकडून होतो. दोघी स्त्रिया किंवा दोघे पुरुष एकत्र राहतात तेथे कोण कोणावर जुलूम करणार, असा लोकांचा समज असतो. परंतु बळ केवळ मनगटात नसते. भाडेचिठ्ठी कोणाच्या नावावर आहे, पगार कोणाच्या हाती जातो आणि गुपित कोणाच्या मुठीत आहे, यांवरही ते ठरते. ‘सोडून गेलास तर तुझ्या वडिलांना सांगेन, शेठला सांगेन,’ ही धमकी एकही चापट न मारता माणसाला जखडून ठेवते. पारलिंगी व्यक्तीची औषधे वा ओळखपत्रे लपविणे, तिला टाकून दिलेल्या नावाने मुद्दाम हाक मारणे, हाही छळच होय. भांडण आणि छळ यांतील भेद सोपा आहे: भांडणात दोघेही बोलतात, छळात एकाला तोंड उघडण्यापूर्वी दुसऱ्याचा चेहरा न्याहाळावा लागतो.

कायद्याचा आधार अपुरा असला तरी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची दखल घेतो. त्याखाली मुलीला वडील-भावांविरुद्ध, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे घरातील स्त्रियांविरुद्धही दाद मागता येते. पुरुषांना मात्र तो कायदा लागू नाही. त्यांना मारहाण, डांबून ठेवणे, धमकी यांसाठी सर्वसाधारण फौजदारी कायद्याकडेच जावे लागते. तथापि ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्यामुळे आपली तक्रार आपल्यावरच उलटेल, ही भीती त्या कलमापुरती सरली.

कायद्याच्या आधी मात्र शेजारी येतो. श्रोतेहो, अशा माणसाला एकांतात विचारावे, आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे. त्याचे गुपित चाळीत वा त्याच्या घरी नेऊ नये. सहानुभूतीने फोडलेले गुपितही त्याच्या डोक्यावरचे छप्पर घालवू शकते. ‘जुळवून घे’ असा उपदेश करू नये, की समेटासाठी दोघांना समोरासमोर बसवू नये. जिवावरचे संकट दिसले तर ११२ क्रमांक आहे. स्त्रियांसाठी गुजरातेत १८१ ‘अभयम’ आहे. रात्री त्याने दार ठोठावले, तर आधी दार उघडावे. तो कोण आहे, कोणावर प्रेम करतो, हे प्रश्न त्या वेळचे नव्हेत.