कोपींतील लेंकराची शुश्रूषा
(महोत्सवप्रसंगीं पाटस येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें पूर्वजांचें गुणगान करावें, असा प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहें, त्याची क्षमा असावी.

ऊस तोडणीस आला, म्हणजे बीड, अहिल्यानगरकडील टोळ्या आपल्या दौंड तालुक्यांत उतरतात. अशाच एका कोपींत चौदा वर्षांचा एक मुलगा मीं पाहिला. जन्मापासून त्याची बुद्धि वाढली नव्हती. त्याला बोलतां येत नव्हतें, हातानें घांस घेतां येत नव्हता. आई पहांटे फडावर जाण्यापूर्वीं त्याला निजल्या निजल्या पेज पाजी व तो खोकून बेजार होई. मीं त्याच्या मस्तकावर हात ठेविला, प्रार्थना केली, घोंगडी दिली आणि परत आलों.

पुढें परिचारिका असलेल्या एका सिस्टरांना मीं तेथें नेलें. त्यांनीं गोधडीची गुंडाळी पाठीशीं लावून मुलाला ताठ बसविलें, हनुवटी किंचित् खालीं घेतली आणि लहान चमच्यानें पेज भरविली. खोकला आला नाहीं! निजवून भरविलेलें अन्न श्वासनलिकेंत उतरतें व त्यांतून फुप्फुसाचा दाह होतो, हें मला सेमिनरींत कोणीं शिकविलें नव्हतें. मींही कधीं विचारलें नव्हतें. दर दोन तासांनीं कूस बदलावी, फेफऱ्याचें औषध एक दिवसही चुकवूं नये, हेंही मीं त्याच दिवशीं ऐकिलें.

तुम्ही म्हणाल, आईनें घरीं कां राहूं नये? बंधूंनो, तोडणीच्या भाषेंत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर घेतलेली असते. आई लेंकराजवळ बसली कीं कोयता मोडतो, खाडा कापला जातो आणि कर्ज पुढल्या सालावर चढतें. १९४४ सालीं मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या कन्येसाठीं शाळा काढिली. ती आज जय वकील या नांवानें प्रसिद्ध आहे. प्रेम या आईचेंही तेवढेंच आहे. तिच्याजवळ दिवस नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१६ च्या कायद्यानें बौद्धिक दिव्यांगांस हक्क दिले आहेत. निरामय योजनेंत एक लाख रुपयांपर्यंत उपचारांचा विमा आहे. संजय गांधी निराधार योजनेंतील दिव्यांगांचें मासिक अनुदान २०२५ सालीं १५०० वरून २५०० रुपये झालें. परंतु त्यासाठीं दाखला हवा, दाखल्यासाठीं इस्पितळाच्या खेपा हव्यात, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा. शिवाय तहसील कचेरी मूळ गांवीं, माणसें येथें. ज्यांस लिहितांवाचतां येतें, त्यांनीं हे कागद भरून द्यावे, एवढी माझी विनंति आहे. भगिनींपैकीं कोणी सकाळचे दोन तास कोपीवर बसूं शकेल, तर फारच उत्तम.

येत्या रविवारीं मिस्सेनंतर सिस्टर भरविण्याची व कूस बदलण्याची रीत दाखवितील. येतांना प्रत्येकीनें एक जुनी गोधडी आणावी.