व्यसन सुटलं, आता पुढं काय?

(हुपरी येथे पालक आणि तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसन वाईट असतं हे सांगायला मी आलेलो नाही. ज्याच्या घरात ते शिरलंय, त्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्यापुढच्या दिवसांबद्दल. मुलगा उपचार घेऊन घरी आला, त्यानंतर काय?

माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा असताना असाच परतला. अम्मीनं त्याचा मोबाईल कपाटात ठेवला. पैसे अब्बांकडं. बाहेर जायचं तर मी सोबत. ताट समोर येई, कपडे धुऊन मिळत. आम्हाला वाटायचं, आपण त्याला जपतोय. चौथ्या महिन्यात तो मला म्हणाला, "भाई, तुम्ही सगळे आहात तोवर ठीक आहे. पण मला एकट्याला एक दिवससुद्धा काढता येणार नाही, याची भीती वाटते." मी हसून सोडून दिलं. पुढं एका लग्नासाठी आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि तो पुन्हा प्यायला. आम्ही त्याला दारूपासून लांब ठेवलं होतं. जगायला शिकवलं नव्हतं.

असं का होतं? पंधरा-सोळा वर्षांचं वय हे पैसा पुरवून वापरायला, राग गिळायला, मित्राला नाही म्हणायला शिकण्याचं वय. त्याच वयात जो नशेला लागला, त्याचं हे शिक्षण तिथंच थांबलं. नशा सुटते तेव्हा तो वयानं बावीसचा असतो, पण या बाबतीत सोळाचाच.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दच्या विळख्यात सापडलेली तरुण मुलं पाहून. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मोठी मदत केली. तिथं आजवर व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेकांनीच समुपदेशक म्हणून काम केलं आहे. उपचार संपल्यावरही पाठपुरावा ठेवतात, घरच्यांशीही बोलतात. कारण केंद्रातले दिवस मोजके असतात, खरी परीक्षा घरी सुरू होते.

ही गोष्ट हुपरीत समजावून सांगणं सोपं आहे. तुमच्याकडं कारागिराला चांदी कशी देतात? तोलून देतात, वहीत मांडतात. पैंजण तयार झाले की तोलून घेतात, घट धरतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी भरमसाट चांदी देत नाही. पण अजिबात दिलीच नाही, तर तो कारागीर कधी होणार? घरात विश्वासही असाच द्यायचा. थोडा द्या, हिशेब बघा, मग वाढवा.

सुरुवात सकाळपासून करा. त्यानं स्वतः उठायचं, अंथरूण काढायचं, दिवसाची कामं लिहायची. आई हाका मारणार नाही. औषध आणि डॉक्टरांची तारीख त्यानंच लक्षात ठेवायची.

मग स्वयंपाक. भात, आमटी, अंडी एवढं तरी त्याला यायला हवं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा घसरण्याच्या, असं या क्षेत्रात सांगतात. यांतली भूक तरी त्याची त्याला भागवता यावी. घरकाम बायकांचं, हा समज इथं थेट आड येतो.

तिसरा पैसा. मजुरी हातात पडते तो दिवस सगळ्यात धोक्याचा. पहिले काही आठवडे त्या संध्याकाळी दोघांनी बसून वाटणी करा: घरखर्च, जुनी देणी, त्याचा स्वतःचा खर्च. पुढं बँकेचं खातं त्याच्या नावावर, त्याच्याच हातात. मालक मंडळींना माझी विनंती आहे, अशा मुलाला काम द्या, पण मोठी उचल देऊ नका.

चौथी गोष्ट, नकार. "आज एकच घे" म्हणणारा मित्र भेटणारच. तेव्हा काय बोलायचं, तिथून कसं निघायचं, कुणाला फोन करायचा, हे आधी ठरवून घरात बोलून बघा.

आणि तरीही तो घसरला तर? एक पायरी मागं या, शून्यावर नको. घरातून हाकलू नका, लपवूही नका, त्याला पुन्हा डॉक्टरांकडं न्या. गर्दसारखी नशा असेल तर घाई करा. मध्ये बंद राहिल्यानं शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्या मापानं घेतलेली नशा जीव घेऊ शकते.

एक गोष्ट कडू वाटेल, पण बोलतो. "लग्न केलं की सुधारेल" हे बंद करा. ज्याला स्वतःचं ताट धुता येत नाही, स्वतःची मजुरी सांभाळता येत नाही, त्याच्या घरात दुसऱ्याची लेक राखणदार म्हणून आणू नका. निकाह असो की लग्न, त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी खरं सांगा. व्यसन मुलींनाही लागतं. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे. त्या घरी येतात तेव्हा त्यांच्या हाती पैसा आणि मोकळीक द्यायला आपण आणखी कचरतो. त्यांनाही हेच सगळं शिकण्याचा हक्क आहे.

माझा भाऊ आता एका कारखान्यात कामाला आहे. दोघा सोबत्यांबरोबर खोली घेऊन राहतो. अम्मी अजून रात्री फोनची वाट बघते. कधी तो उशिरा करतो, तेव्हा आमच्या छातीत धडधडतं. ते आम्ही सहन करायचं ठरवलंय. ती धडधड आमची आहे, तिच्यासाठी त्याला पुन्हा कोंडून ठेवता येणार नाही.

व्यसनाबाबत मदतीसाठी सरकारची 14446 ही हेल्पलाइन आहे. नंबर लिहून घ्या, आणि आज घरी गेल्यावर मुलाच्या हातात एखादं काम, थोडे पैसे आणि एक वही द्या.