शटर उतरल्यानंतरची चाळीस मिनिटं



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. काही वर्षं हजेरी आणि पगाराच्या सिस्टिमवर काम केलं. म्हणून आज तुमच्या पगारात न दिसणाऱ्या मिनिटांबद्दल बोलतो. रमजान तोंडावर आलाय. कपड्या-चपलांच्या दुकानांत भरती सुरू होईल आणि शेवटच्या दहा दिवसांत आपली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काउंटरवर उभी असतील.

दुकानात वेळ सांगतात अकरा ते आठ, मध्ये तासभर सुट्टी. पण झाडू मारून माल लावायला पावणेअकराला यायचं, आणि रात्री गल्ला जुळवून, कपड्यांच्या घड्या घालून निघायचं. कॉल सेंटरमध्ये घड्याळ लॉगिनपासून चालतं, संगणक सुरू होऊन सगळ्या स्क्रीन उघडेपर्यंतची दहा मिनिटं कुणाच्याच खात्यावर नसतात. मॉलमध्ये पंच आउट केल्यावर बॅग तपासायची रांग.

हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. नेवाडातल्या एका कॉल सेंटरबाबत 2022 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने संगणक सुरू करणं हा कामाचाच भाग मानला. ॲपलच्या दुकानांतल्या बॅग-तपासणीची वेळ कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पगारी ठरवली. गोदामांतल्या तपासणीबाबत मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये उलट निकाल दिला होता. हे निकाल इथे लागू नाहीत. पण कोर्टांनी ज्यावर एवढा विचार केला, तो प्रश्न तुम्ही विचारला तर तुम्ही चिल्लर मोजणारे ठरत नाही.

आता हिशोब करू. समजा पगार 13,000, रोज आठ तास, महिन्याचे 26 दिवस. तासाला साडेबासष्ट रुपये पडले. ठरलेल्या वेळेपेक्षा रोज 40 मिनिटं जास्त गेली, तर महिन्याला 17 तास 20 मिनिटं. जादा कामाचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे तासाला 125. एकूण जवळपास 2,166 रुपये. घरातल्या कुणाच्या तरी ट्यूशनची फी निघते त्यात.

हा दुप्पट दर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे, आठवड्याला 48 तासांची मर्यादाही आहे. त्याच कायद्याने दुकान 24 तास उघडं ठेवायची मुभा मालकाला दिली. माणसाला 24 तास उभं करायची नाही दिली! दुकान लहान म्हणून तो कायदा पूर्ण लागू होत नसेल, तरी 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेली वेतन संहिता आहे. तिच्यातही जादा कामाला दुप्पट दर आहे.

यंत्राबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण लोक यंत्राला घाबरतात. अंगठा लावला की यंत्र सेकंदासकट वेळ नोंदवतं, त्याला कुणाशी दुष्मनी नसते. खेळ होतो नंतरच्या सेटिंगमध्ये. सकाळी पाच मिनिटं उशीर झाला की पंधरा धरायचे, रात्री 9.47 ला निघालात की 9.30 धरायचे. म्हणजे गोलाकार करताना दोन्हीकडे मालकाचीच बाजू. ‘सिस्टिमच असं दाखवते’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. सेटिंग माणूस करतो. मूळ पंचची नोंद मागा.

‘तीन लेट म्हणजे अर्धा दिवस कट’ ही पाटी तर सर्रास दिसते. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेपेक्षा जास्त असू शकत नाही, हे 1936 च्या वेतन कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. दहा मिनिटं उशीर, तर दहा मिनिटांचेच पैसे. जुम्याला वीस मिनिटं बाहेर गेलात, तरी तेवढंच.

तुम्ही म्हणाल, भाई, नाव बघूनच इंटरव्ह्यू संपतो, मिळालेली नोकरी घालवायची का? भीती खोटी नाही. आणि शेठ आपल्यातलाच असला की जीभ अजून जड होते. ईदला जोडी कपडे देतो, अब्बूंना ओळखतो. पण कपडे ही भेट झाली, मजुरी नाही. घाम सुकायच्या आत मजुरी द्यायची ताकीद तोही खुतब्यात ऐकतो. मापात मारणाऱ्यांबद्दलची सूरह अल-मुतफ्फिफीन फक्त तराजूवाल्यांसाठी आहे, असं मला तरी वाटत नाही.

म्हणून लगेच भांडू नका, आधी लिहा. रोज आल्या-गेल्याची वेळ वहीत, त्याच दिवशी. ‘आज थांब’ असा मेसेज आला तर जपून ठेवा, पगाराची स्लिप मागा. संहितेप्रमाणे दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. नोकरी सोडलीत तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण पगार मिळायला हवा. आधी दोघं-तिघं मिळून शेठशी बोला. नाहीच ऐकलं, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

स्लिप कुणी सोबत आणली असेल तर चहाच्या वेळी दाखवा, आकडे मांडून बघू.