अडीच चौरस मीटर जेवण

घरात जेवणाला किती जागा लागते याचा हिशेब आपल्या देशाने कागदावर मांडून ठेवलेला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराची किमान मापे दोन प्रकारे दिली आहेत. जेवायची सोय दुसरीकडे असेल तर स्वयंपाकघर निदान ५ चौरस मीटरचे आणि १.८ मीटर रुंद हवे. त्याच खोलीत जेवायचेही असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंदी. वजाबाकी केली की अख्ख्या कुटुंबाच्या जेवणाच्या वाट्याला अडीच चौरस मीटर येतात, म्हणजे साधारण २७ चौरस फूट. एवढ्यात एक डबल बेडही बसत नाही. संहिता लिहिणाऱ्यांना यात दोष देता येणार नाही, कारण त्यांनी किमान सांगितले. पण शहरातल्या जमिनीचे भाव असे आहेत की किमानाचे कमाल व्हायला वेळ लागत नाही. शिवाय ही जागा एकट्या जेवणाच्या मालकीची नसते. फ्रिज तिथेच, हात धुवायचे बेसिन तिथेच, पाण्याचा फिल्टर तिथेच, कधी देव्हाराही तिथेच, आणि न्हाणीघराकडे जायची वाटही तिथूनच. अशा जागेला ‘डायनिंग रूम’ म्हणून सजवायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी हरतो, कारण तो मोठ्या खोलीची लहान प्रत काढू पाहतो. छोट्या जेवणघराचा प्रश्न किती चौरस फूट आहेत यापेक्षा ते चौरस फूट दिवसाचे किती तास अडकून पडतात याचा आहे, आणि सजावटीचे सगळे निर्णय या एका प्रश्नावर पारखून घ्यावेत, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आधी सुताराच्या भाषेत बोलू. चार माणसांचे टेबल म्हणजे चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद. नकाशात ते छोट्या चौकोनासारखे दिसते आणि चार खुर्च्या त्याला चिकटून शहाण्यासारख्या बसलेल्या असतात. मागे ओढलेली खुर्ची नकाशात क्वचितच काढतात. माणसाला उठता-बसता यावे म्हणून टेबलाच्या कडेपासून मागे अडीच फूट तरी मोकळे लागतात. म्हणजे अडीच फुटांचे टेबल आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मिळून साडेसात फूट झाले. खोली सात फूट रुंद असेल तर टेबल मधोमध ठेवण्याचा विषय तिथेच संपतो. मग ते भिंतीला सरकते आणि एक बाजू मरते. मेलेल्या बाजूवर आधी वर्तमानपत्र येते, पाठोपाठ औषधांचा डबा, बिस्किटांची बरणी, विजेचे बिल, मोबाइलचा चार्जर. महिनाभरात चारांच्या टेबलावर दोघेच जेवतात आणि बाकीचे ताट मांडीवर घेऊन दूरदर्शनसंचासमोर बसतात. यात कुणाच्या बेशिस्तीचा भाग थोडा आहे आणि भूमितीचा जास्त.

इथे कुणी म्हणेल की यापेक्षा आपली पंगत बरी होती, पाट मांडला की झाले, जागाही कमी लागायची. हे खरे नाही, आणि ते खरे नाही यातच शिकण्यासारखे आहे. पाट दीड फूट, त्यापुढे ताट, वाट्या, तांब्या-भांडे यांना दीड फूट. समोरासमोर दोन रांगा धरल्या तर सहा फूट झाले, आणि मधून वाढणाऱ्याला चालायला दोन फूट तरी हवेतच. म्हणजे आठ फूट, टेबलखुर्चीपेक्षा अर्धा फूट जास्तच. पंगत जागा कमी घेत नाही. घेतलेली जागा ती परत देते. जेवणे झाली, पाट भिंतीला टेकवले, जमीन पुसून घेतली, की त्याच माजघरात दुपारी निवडणे-टिपणे आणि रात्री अंथरुणे. सजावटही तशीच वेळेपुरती असे. सणाला ताटाभोवती रांगोळी काढायची, उदबत्ती लावायची, आणि तासाभरात ती पुसली जायची. त्या घरात जेवणाची खोली म्हणून वेगळी खोली नव्हती. जेवणाची वेळ होती, आणि ती वेळ झाली की खोली तयार होत असे.

याचा सगळ्यात कठोर पुरावा वाड्यांत किंवा कोकणातल्या ऐसपैस घरांत शोधायची गरज नाही. तो गिरणगावात आहे. बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. अशाच चाळींच्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या खानावळी चालत. पुरुष एकटेच मुंबईला आलेले, बायकामुले गावी, आणि जेवणाची सोय कुणा खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या पैशांवर. ती बाई त्याच खोलीत राहायची, त्याच खोलीत रांधायची आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे पंगतीमागून पंगत उठवायची. या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. त्या खोल्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे धूर होता, पाणी ठरावीक वेळेलाच यायचे, आणि खानावळवालीच्या पाठीला विसावा नव्हता. पण जागेच्या उपयोगाचा प्रश्न म्हणून पाहिले तर त्या १६० चौरस फुटांत जे घडत होते ते आजच्या ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये सहा खुर्च्यांचे टेबल घेऊनही घडत नाही. फरक सामानात आहे. त्या खोलीत जेवणासाठी म्हणून दिवसभर उभे असलेले काहीच नव्हते.

आता यावरचा मोठा आक्षेप. पाट मांडायचे, उचलायचे, जमीन पुसायची, हे काम कुणाच्या अंगावर होते? घरातल्या बायकांच्या. आणि सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेसुरले घेऊन शेवटी कोण बसत असे, हे सांगायला नको. हा केवळ इतिहास आहे असेही समजू नका. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरात आधी कोण जेवते, हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागला होता. तेव्हा मांडणे-मोडणे चांगले असे म्हणताना ते कोणी करायचे याचे उत्तर द्यावे लागते. माझे उत्तर फर्निचरमध्येच आहे. जे टेबल उघडायला दोन माणसे लागतात ते उघडेच राहते, आणि जे उघडायला कौशल्य लागते ते एकाच व्यक्तीचे काम होऊन बसते. दहा वर्षांच्या पोराला एका हाताने उघडता-मिटता येईल, एवढीच त्याची परीक्षा. दुसरे, आणि हे सजावटीच्या पुस्तकांत सहसा नसते: बसायच्या जागा घरातल्या माणसांइतक्या हव्यातच. पाच माणसांच्या घरात चारांचे टेबल आणले, की पाचवे माणूस ‘मी नंतर बसते’ म्हणणार. ते कोण, हे टेबल विकत घेतानाच ठरलेले असते. टेबल सहा इंच अरुंद चालेल, दिसायला साधे चालेल. एक जागा कमी चालणार नाही.

गुडघ्यांचा आक्षेप तर निर्विवाद आहे. सत्तरीच्या माणसाला जमिनीवर बसवून संस्कृती टिकवण्यात अर्थ नाही. खुर्चीची उंची सव्वा-दीड फूट, टेबलाची अडीच फूट, ही मापे ठेवून पंगतीचा गुण कसा आणायचा, हा खरा कारागिरीचा प्रश्न आहे. सात फुटी खोलीत त्याचे एक उत्तर असे: भिंतीलगत दीड फूट खोलीचे पक्के बाक, समोर अडीच फुटांचे टेबल, आणि खुर्च्या फक्त बाहेरच्या बाजूला. दीड, अडीच आणि अडीच, साडेसहा फूट झाले. टेबल बसले, वर अर्धा फूट उरला. आता टेबलाची बाहेरची निम्मी फळी बिजागरीवर खाली पडणारी केली आणि घडीच्या खुर्च्या खुंटीला टांगल्या, की जेवणे झाल्यावर फळीचे सव्वा फूट आणि खुर्चीमागचे अडीच फूट मिळून पावणेचार फूट रुंदीची वाट घराला परत मिळते. पाचवी जागा टेबलाच्या आखूड बाजूला, स्टुलावर. बाकाची उणीवही सांगितली पाहिजे. आतल्या माणसाला उठायचे तर बाहेरच्याने उठावे लागते, म्हणून बाकावर दोघेच बसवावेत आणि आजोबा-आजींना हातांची खुर्ची द्यावी. टेबलाचा पाय मधोमध एकच असेल तर सगळ्यांचेच गुडघे सुखी. बाकाखाली साठवणीची जागा मिळते, पण कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने बंद पेटीत बुरशी धरते. तेव्हा झाकणाला भोके हवीत, आणि प्लायवूड ओलावा सोसणारे हवे. आयएस ७१० हा शिक्का पाहून घेतलेले बरे. कापडी गाद्या आणि भिंतीचे कागद यांचा मोह आवरावा.

आता कुणी विचारील, सगळेच जर मिटवायचे आणि उचलायचे, तर सजावट कशाची करायची? नेमका हाच प्रश्न मला हवा होता. जी सजावट जमीन आणि टेबलाचा पृष्ठभाग अडवत नाही, ती सगळी करावी, आणि त्यात पहिला मान उजेडाचा. आपल्या घरांत पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटचे प्रेम फार आहे. तो ६५०० केल्विनचा उजेड हिशेब तपासायला ठीक. आमटीचा रंग त्यात निळसर, आजारी दिसतो. जेवणाच्या जागेवर २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा, टेबलापासून अडीच फूट उंच टांगला, तर खर्च फार होत नाही आणि खोलीचा नूर पालटतो. तो बाकाकडच्या स्थिर फळीवर टांगायचा, म्हणजे टेबल मिटल्यावर कुणाच्या कपाळाला लागत नाही. दिवा टेबलापुरताच पडला की फ्रिज आणि बेसिन अंधारात मागे सरकतात. भिंत न घालता जेवणाची खोली निराळी होते, तीही जेवणापुरती.

आरशाबद्दल फार बोलले जाते. आरशाने जागा मोठी दिसते, हे मुंबईच्या इराणी हॉटेलांनी पूर्वीच दाखवले. तिथल्या भिंतींवर आरसे, गोल पाठीच्या हलक्या लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबले. पण इराण्याकडची छते उंच होती, हॉटेल रस्त्याच्या कोपऱ्यावर होते, आणि आरशात दिसायला बाहेरचा रस्ता होता. आपल्या फ्लॅटमध्ये आरशात फ्रिज दिसत असेल तर एकाचे दोन फ्रिज होतात. खिडकीसमोर भिंत मिळाली तर आरसा लावावा. नाही तर बेसिनवरचा पुरे. इराण्याकडून घ्यायची ती खुर्ची: पाठीतून आरपार दिसणारी, एका हाताने उचलता येणारी.

आणि ताट. पाश्चात्त्य धर्तीचे जेवणाचे टेबल रुंद असते कारण वाढायची भांडी त्याच्या मधोमध बसतात. आपले जेवण असे की मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, आणि मध्ये भात, हे सगळे फूटभर व्यासाच्या ताटात मांडून होते. समोरासमोरची दोन ताटे दोन फूट घेतात. अडीच फुटांच्या टेबलात मध्ये सहा इंच उरतात, पाण्याच्या भांड्यांना तेवढे पुरतात. पातेली शेजारच्या फळीवर किंवा ओट्यावर राहू द्यावीत. रंग, आकार, मांडणी या साऱ्याची हौस त्या वर्तुळात भागवता येते, म्हणून टेबलावर कायमची फुलदाणी आणि प्लास्टिकची फळे ठेवणारांचे मला नवल वाटते. फुलदाणी उचलून ठेवायला जागा लागते, आणि ती जागा असती तर एवढे बोलायची वेळच आली नसती.

मुलांचा अभ्यास, लॅपटॉप, इस्त्री या टेबलावर चालणारच, आणि ते योग्यच आहे. आठ-नऊ तास मोकळे राहणारे टेबल शहरातल्या घराला परवडत नाही. त्यासाठी हाताच्या अंतरावर फूटभर खोलीची एक रिकामी फळी ठेवावी. पाने घ्यायच्या वेळी वह्या तिथे जातात. रिकामी हा शब्द महत्त्वाचा, कारण शोभेच्या वस्तू मांडलेल्या फळीचा इथे उपयोग नाही. दूरदर्शनसंच मात्र टेबलावरून दिसणार नाही असा फिरवून ठेवावा. लोक तरीही पाहतात असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन की ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसण्याचे मुख्य कारण बहुधा मालिका नसून टेबलावरची बिस्किटांची बरणी आणि बिले असतात. ती हलवून पाहावी, मग मालिकेला बोल लावावा.

शेवटी राहतात पाहुणे. सहा किंवा आठ खुर्च्यांचे टेबल घेतले जाते ते जवळजवळ नेहमी त्यांच्या नावाने: गौरी जेवतात त्या दिवशी काय करायचे, दिवाळीला भाऊबहिणी आल्या तर काय करायचे? वर्षातल्या चार-पाच जेवणांसाठी उरलेल्या सातशे जेवणांची अडचण करून घेणे हा आतिथ्याचा महागडा प्रकार आहे. त्या दिवशी टेबल मिटून भिंतीला लावावे, हॉलमधली टीपॉय गॅलरीत सरकवावी आणि सतरंज्या अंथरून पंगत बसवावी. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी बाक आहेच. पंधरा माणसे त्याच फ्लॅटमध्ये दोन पंगतींत जेवून उठतात. फक्त पहिल्या पंगतीत वाढायला पुरुषांनी उभे राहावे.