अन्नाचे स्वातंत्र्य : सेनेगलचा अनुभव



पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशाची पिके आपल्या ओळखीची आहेत : बाजरी, ज्वारी, चवळी आणि भुईमूग. आपली बाजरी तर मूळची आफ्रिकेचीच. म्हणून तेथील अनुभव आज आपल्यापुढे मांडत आहे.

फ्रेंच राजवटीने तेथील शेतकऱ्यावर डोईपट्टी बसविली. ती रोखीने भरण्यासाठी त्याला भुईमूग पेरणे भाग पडले. १८८५ साली डाकार ते सेंट लुई रेल्वे पूर्ण झाली आणि शेंगांची वाहतूक सोपी झाली. शेंगा फ्रान्समधील तेलगिरण्यांकडे जात. अन्नधान्य कमी पडे, तेव्हा फ्रेंचांच्याच ताब्यातील व्हिएतनाममधून तांदळाची कणी येई. हळूहळू मासे आणि कणीचा भात हेच शहरातील मुख्य जेवण झाले.

१९६० साली देश स्वतंत्र झाला. राज्य आपले आले, पण शेंगा बाहेर व कणी आत हा व्यवहार चालूच राहिला. जमीन पडीक ठेवण्याची जुनी पद्धत मोडत गेली आणि भुईमुगाच्या पट्ट्यातील जमिनीचा कस उतरला. १९८६ साली सेनेगल नदीवर दियामा धरण झाले. खोऱ्यात भात वाढला, तरी आयात थांबली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली. ही बंदी मार्च २०२५ मध्ये उठली. आपण देशातील गरज पाहून निर्णय घेतला. परंतु सेनेगल हा आपल्या कणीचा मोठा ग्राहक. त्याच्या सरकारला विनंती करून ठराविक कोटा मिळवावा लागला. ताट आपले, पण त्याचा निर्णय परक्या राजधानीत, अशी ही अवस्था.

फेब्रुवारी २००७ मध्ये शेजारच्या माली देशात जगभरातील शेतकरी, मच्छीमार व पशुपालक जमले होते. काय पिकवावे आणि काय खावे हे ठरविण्याचा हक्क जनतेचा, अशी मागणी त्यांनी केली. यालाच अन्न सार्वभौमत्व म्हणतात.

याचा अर्थ नगदी पीक सोडावे असा नव्हे. भुईमुगामागे बाजरी घेतली तर जमिनीतील नत्राचा लाभ बाजरीला मिळतो. तेथील शेतकरीही हा फेरपालट जाणतो. मात्र घरच्या धान्याचे क्षेत्र आणि बाजरीचे सुधारित वाणाचे बियाणे आपल्या हाती असावे. पेरणीचे नियोजन करताना पहिला हिशेब कणगीचा करा, नंतर बाजाराचा.